साचाखात्याचे कान

मुंबईच्या कापड गिरण्यांवर जेवढे लिहिले गेले तेवढे महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही उद्योगावर क्वचितच लिहिले गेले असेल. मालक, भांडवल, जॉबर, संप, चाळी, खानावळी, शाहिरी, सगळ्यांचा इतिहास सापडतो. कामगाराच्या शरीराचा इतिहास त्या मानाने थोडा आहे. त्यातही फुप्फुसाला थोडी जागा मिळाली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या दम्यासारख्या विकाराला नाव मिळाले, त्यावर परळच्या डॉक्टरांनी संशोधन केले. कानाच्या वाट्याला मात्र ‘गिरणीत काम केलेला म्हातारा जरा मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकत नाही’ एवढीच नोंद आली, आणि तीही घरगुती. माझे म्हणणे असे की ही नोंद अपुरी तर आहेच, शिवाय ती अर्ध्याच इजेची आहे. कमी ऐकू येणे आणि कानात सतत आवाज येत राहणे, ज्याला वैद्यकात कर्णनाद म्हणतात, ही एकाच इजेची दोन अंगे आहेत. कायद्याने, वैद्यकाने आणि इतिहास लिहिणाऱ्यांनीही त्यांपैकी यंत्राने आकड्यात बसवता आलेले अंग तेवढे इजा म्हणून धरले. दुसरे ज्याचे त्याने सोसायचे म्हणून सोडून दिले. साचाखात्याचा, म्हणजे गिरणीतल्या विणकामाच्या खात्याचा, इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचला तर ही फाळणी कशी झाली ते स्पष्ट दिसते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला गिरणी काढण्याचे ठरवले आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, दादर हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. आरंभी सूतकताईवर भर होता. विणकाम पुढे वाढले आणि त्यासोबत लँकेशायरच्या बनावटीचे साचे, म्हणजे यंत्रमाग, बोटीतून येऊ लागले. या साच्याचा आवाज त्याच्या घडणीतच आहे. सूत वाहून नेणारा लाकडी धोटा ताण्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकायचा तर त्याला एक दांडी फटका मारते. धोटा पलीकडच्या पेटीत आदळून थांबतो. मग फणी तो धागा ठोकून बसवते आणि धोटा उलट दिशेने निघतो. हे मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा घडते. असे शेकडो साचे एका छपराखाली, लोखंडी खांब, दगडी भिंती आणि फरशी यांच्यामध्ये चालत. सूत कोरडे झाले की तुटते, म्हणून खात्यात दमट हवा ठेवायची आणि खिडक्या बंद ठेवायच्या. त्यामुळे आवाजाला बाहेर जायला वाटच उरत नसे. धोट्याच्या साच्यांनी भरलेल्या अशा खात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास भरतो. तिथे दोन माणसांना बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, नाहीतर ओठ आणि हात वाचायचे. लँकेशायरच्या विणकर बायांनी ओठांवरून बोलणे ओळखण्याची आपली एक पद्धतच तयार केली होती, आणि ती इतकी अंगवळणी पडली की गिरणीबाहेरही त्या तशाच बोलत.

या आवाजात माणूस किती तास उभा राहत होता, हे त्यापुढचे मोजमाप. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. त्याआधी तो सूर्य आणि मालक ठरवील तेवढा असे. १९२२ मध्ये मर्यादा अकरा तासांची झाली, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ तासांची, आठवड्याला अठ्ठेचाळीस. कामाच्या तासांसाठी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून झालेला लढा आपण मजुरीच्या आणि विश्रांतीच्या हिशेबात मांडतो. कानाच्या हिशेबात तो मांडला तर वेगळीच गोष्ट दिसते. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत नंतर आवाजाची जी मर्यादा आली ती नव्वद डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि आवाज वाढला की वेळ झपाट्याने कमी होतो: पंच्याण्णवला चार तास, शंभरला दोन तास, एकशे पाचला एक तास. म्हणजे ज्या साचाखात्यात आजचा नियम दोन तासांच्या वर उभे राहू देत नाही, तिथे मुंबईच्या विणकरांच्या दोन-तीन पिढ्या दिवसाला नऊ ते बारा तास, आठवड्याचे सहा दिवस आणि आयुष्याची वीस-तीस वर्षे उभ्या राहिल्या. आजचा नियम कालच्या मालकावर लावणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. दोष लावण्यासाठी मी तो लावत नाही. किती इजा झाली असेल याचा अंदाज घेण्यासाठी लावतो. कानाच्या आतल्या पेशी १९२२ मध्येही आजच्याइतक्याच नाजूक होत्या.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवे, कारण ती या इजेची वाटणी दाखवते. साचाखाते हे गिरणीतले बऱ्या पगाराचे खाते होते, आणि दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की नवी कांडी भरल्यावर धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागते, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला शिवेना. १९२८च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संप चालवणाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. अस्पृश्यतेने दलितांना चांगल्या मजुरीपासून दूर ठेवले, हा त्यातला अन्याय उघड आहे. पण त्याच्याच दुसऱ्या बाजूला हेही खरे की ज्या खात्यासाठी माणसे धडपडत, भरती करणाऱ्या जॉबरचे हात ओले करीत, तेच खाते कानाला सर्वांत घातक होते. जादा मजुरीत कानाची किंमत धरलेली नव्हती. ती कौशल्याची मजुरी होती. कान तिच्यासोबत फुकट जात होता.

तेव्हा हे कोणाला ठाऊकच नव्हते, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे तो वाढवला. व्हेनिसच्या एका वस्तीत दिवसभर तांबे ठोकणाऱ्या तांबटांना आधी कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्यात नोंदलेले आहे. जॉन फॉसब्रोक या इंग्रज डॉक्टरने १८३१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लोहारांच्या बहिरेपणाविषयी लिहिले. त्याचे निरीक्षण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. त्याने लिहिले की हा बहिरेपणा चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास हळूहळू येतो, प्रथम बारीक आवाज हरवतात आणि मग तो वाढत जातो तो कानात घणघण आणि आवाज येण्यासोबतच. म्हणजे १८३१ मध्ये, कोणतेही यंत्र हाती नसताना, एका डॉक्टरला दोन्ही लक्षणे एकाच आजारात एकत्र दिसत होती. १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बारने शंभर बॉयलर बनवणारे, शंभर लोखंड ओतणारे आणि शंभर टपालवाले यांची तपासणी घड्याळाच्या टिकटिकीवर केली. बॉयलरवाल्यांत एकाचेही ऐकणे शाबूत नव्हते आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांना सभेतले भाषण ऐकणे जड जात होते. टपालवाल्यांत असे फार थोडे निघाले. बहिरेपणा वयाचा की कामाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या तुलनेत आहे, कारण टपालवालेही त्याच शहरात म्हातारे होत होते. मुंबईच्या साच्यांचा जन्म ब्रिटनच्या याच बेटावरचा. यंत्रे, भांडवलाच्या पद्धती, इंजिनियर, खात्याचे मास्तर हे सारे तिथून आले. फक्त हे ज्ञान बोटीत चढले नाही.

आपल्या परंपरेतही हा संबंध अनोळखी नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाच्या रोगांत कर्णनाद आणि बाधिर्य हे दोन्ही वेगवेगळे सांगितले आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात त्यापुढे जाऊन त्यांचा क्रमही लावला: कर्णनादाकडे दुर्लक्ष केले तर मोठ्याने बोललेलेही कष्टाने ऐकू येऊ लागते आणि क्रमाने बहिरेपण येते. कारणमीमांसा अर्थातच वात-कफाची आहे आणि आज ती मान्य करण्याचे कारण नाही. कानातला आवाज बहिरेपणाला जन्म देत नाही. पण आवाज आधी आणि ऐकणे जाणे मागाहून, हा जो काळाचा क्रम त्याने पाहिला तो नेमका आहे. गोंगाटात काम करणाऱ्याचे कान पहिल्या काही महिन्यांत पाळी सुटल्यावर तासभर वाजतात आणि थांबतात. ऐकणे कमी झाले हे त्याला स्वतःला कळायला वर्षे लागतात.

असे का होते, ते आता बरेच समजले आहे. अंतर्कर्णात शंखाकार नळीत केसांसारखे टोक असलेल्या पेशी रांगेने बसलेल्या आहेत. इटालियन शरीरशास्त्रज्ञ अल्फोन्सो कोर्ती याने १८५१ मध्ये त्या अवयवाचे वर्णन केले. प्रत्येक पेशी ठराविक पट्टीच्या आवाजाला प्रतिसाद देते. गोंगाटाचा मार सर्वांत आधी बसतो तो चार हजार हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच पट्टीवर, मग ती खाच दोन्ही बाजूंना रुंद होत जाते. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. मराठी बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी उंच पट्टीतून होते. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे ऐकू येते, काय बोलते आहे ते कळत नाही. तो ‘ऐकत नाही’ असा आरोप घरात होतो तो याच कारणाने. आणि याच वेळी मेंदूत दुसरी गोष्ट चाललेली असते. त्या पट्टीकडून येणारे संदेश कमी झाले की श्रवणाची केंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात, जसा लांबचे स्टेशन नीट लागेना की आपण रेडिओचा आवाज पिळतो आणि खरखरच मोठी होते. कर्णनादाची पट्टी बहुधा ज्या भागात ऐकणे गेले त्याच भागात सापडते, हा या मांडणीचा भक्कम पुरावा आहे. दुसरा पुरावा शस्त्रक्रियेतून आला: श्रवणतंतूवरची गाठ काढताना तो तंतूच कापावा लागलेल्या रुग्णांपैकी अनेकांच्या कानातला आवाज त्यानंतरही चालूच राहिला, असे अमेरिकेतल्या हाऊस आणि ब्रॅकमन यांनी १९८१ मध्ये दाखवले. इजा कानाला होते आणि आवाज मेंदूत घडतो. बहिरेपणा आणि कर्णनाद ही म्हणूनच एकाच नुकसानीची दोन फळे आहेत.

साचाखात्याला ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण बाहेरचा मोठा आवाज आतल्या आवाजाला झाकतो. फ्रेंच वैद्य इतार याने १८२१च्या आपल्या ग्रंथात कर्णनादाने झोप हरवलेल्या रुग्णांसाठी ओल्या लाकडाची तडतडणारी शेकोटी किंवा पाणचक्कीचा आवाज जवळ ठेवण्याचा उपाय सांगितला आहे. आजची आवाज देणारी उपकरणे त्याच तत्त्वावर चालतात. विणकराच्या बाबतीत दुर्दैवी योग असा की ज्या साच्याने इजा केली तोच दिवसभर ती झाकून ठेवत असे. खात्यात असताना कान वाजतो हे कळण्याचा संभव नव्हता. कळायचे ते पाळी संपल्यावर, अंथरुणावर, आणि चाळीतल्या एका खोलीत दहा जण पाळीपाळीने झोपत असताना हे कोणाला सांगायचे. गिरणीत डॉक्टर तपासत असेल तर तोही पाळीच्या वेळी, म्हणजे लक्षण झाकलेले असताना. जखम, खोकला, ताप हे कामाच्या जागी दिसतात. हे दुखणे कामाच्या जागेपासून दूर गेल्यावरच उमटते, आणि त्यामुळे त्याचा कामाशी संबंध जोडणे कामगारालाही अवघड होते.

फाळणी खऱ्या अर्थाने पक्की झाली ती विसाव्या शतकात, मोजण्याच्या यंत्रामुळे. १९२०च्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणारे श्रवणमापक यंत्र तयार झाले आणि डेसिबल हे एकक रूढ झाले. ऐकण्याची घट आता कागदावर रेघ होऊन उतरू लागली. ही प्रगती होती, यात शंका नाही. तिच्याशिवाय कारखान्यातल्या बहिरेपणाची एकही भरपाई मिळाली नसती. याच यंत्राच्या कामात असलेल्या एडमंड प्रिन्स फाउलरने कर्णनादाचीही मापे घेतली. रुग्णाला बाहेरून आवाज ऐकवून, आतला आवाज याच्याएवढा आहे का, असे तो विचारत असे. निघाले असे की तो आवाज रुग्णाच्या ऐकण्याच्या उंबरठ्यापेक्षा बहुधा काही थोड्याच डेसिबलने वर असतो. आकड्याने क्षुल्लक, आणि माणूस मात्र झोपेवाचून हैराण. या विसंगतीतून दोन निष्कर्ष निघू शकत होते: एक, आकडा त्रासाचे माप नाही; दोन, माणूस अतिशयोक्ती करतो आहे. भरपाईच्या व्यवस्थेने जगभर बहुतेक ठिकाणी दुसरा सोयीचा मानला. ब्रिटनने १९७०च्या दशकात धंद्यातल्या बहिरेपणाला भत्ता दिला तेव्हा पात्रता ठरवली ती एक, दोन आणि तीन हजार हर्ट्‌झवरच्या सरासरी पन्नास डेसिबल घटीवर. कर्णनाद एकटा त्यात बसत नव्हता.

आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, पण मूळ यादीत शिसे, पारा, फॉस्फरस, सिलिकॉसिस यांना जागा होती, आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाला नव्हती. तो नंतरच्या दुरुस्तीने आला. भरपाईच्या कायद्यातही आवाजामुळे येणारा श्रवणदोष आहे. दोन्हीकडे शब्द ऐकण्याच्या नुकसानीचा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांनी साठ ते सत्तर डेसिबल घट असलेल्याला ऐकण्यास कठीण आणि सत्तरच्या वर बधिर ठरवले. ज्याची चार हजार हर्ट्‌झवर खोल खाच आहे, ज्याला गर्दीत शब्द कळत नाहीत आणि ज्याचा कान चोवीस तास वाजतो, असा विणकर यांपैकी कशातही बसत नाही, कारण सरासरी काढताना उंच पट्टीतले त्याचे नुकसान खालच्या पट्ट्यांतल्या चांगल्या ऐकण्यात बुडून जाते. साच्याने जिथे घाव घातला तिथलाच आकडा मोजमापात विरघळून जातो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा: बहिरेपणा आणि कर्णनाद एकच असतील तर ते नेहमी बरोबर का येत नाहीत? कित्येकांचे ऐकणे खूप गेलेले असते, पण कान वाजत नाही. काहींचा कान वाजतो आणि तपासणीचा आलेख स्वच्छ येतो. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. इजा एकच असली तरी मेंदूचा प्रतिसाद माणसागणिक वेगळा असतो. एकाच धुळीत काम करणाऱ्या सगळ्यांना सारखाच खोकला होत नाही आणि म्हणून धूळ निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या बाबतीत उत्तर अधिक रोचक आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकणाऱ्या ऐंशी प्रौढांना आवाजबंद खोलीत बसवले तेव्हा चौऱ्याण्णव टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. यावरून कर्णनाद हा सार्वत्रिकच आहे, त्यात इजा कसली, असा अर्थ कोणी काढील. पण अगदी शांत खोलीत क्षणभर जाणवणारी कुजबूज आणि गर्दीतही न सोडणारी शिट्टी यांत प्रमाणाचा फरक आहे, आणि रोगाची व्याख्या पुष्कळदा प्रमाणावरच होते. स्वच्छ आलेखाचे कोडे २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगाने सुटू लागले. त्यांनी उंदरांना शंभर डेसिबलचा आवाज दोन तास दिला. उंदरांचे ऐकणे मापाने पूर्ववत झाले, पण केशपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणाऱ्या सांध्यांपैकी उंच पट्टीतले निम्म्याच्या आसपास सांधे कायमचे नष्ट झाले होते. आलेख म्हणतो बरा, आतली तार तुटलेली. २०११ मध्ये शॅटे आणि मॅकअल्पाइन यांनी आलेख स्वच्छ असलेल्या पण कान वाजणाऱ्या स्त्रियांत श्रवणतंतूचा प्रतिसाद क्षीण असल्याचे दाखवले. उंदरावरचे अनुमान माणसावर जसेच्या तसे चढवता येत नाही आणि या प्रश्नावर अजून वाद चालू आहेत. तरी एवढे म्हणता येते की ‘आलेख चांगला आहे, म्हणजे कान चांगला आहे’ हे विधान आता विज्ञानाच्या आधाराने करता येत नाही. आपल्या नियमांत शंभर डेसिबलला दिलेली सूटही नेमकी दोन तासांचीच आहे, हे लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: जे फक्त रोग्यालाच ऐकू येते त्याची भरपाई कशी द्यायची, खोटे बोलणाऱ्याला ओळखायचे कसे? हा प्रश्न खोटा नाही. पण श्रवणचाचणीही रोग्याच्याच सांगण्यावर चालते, हे विसरले जाते. ऐकू आले की बटण दाबा, असे सांगितले जाते आणि दाबणारा तोच असतो; पुन्हा पुन्हा तपासून, विसंगती शोधून त्याचे खरेखोटे केले जाते. कर्णनादाची पट्टी आणि तीव्रता जुळवण्याच्या चाचण्याही तशाच पुन्हा घेता येतात. आणि हे अशक्य नाही याचा दाखला अमेरिकेच्या सैन्याचा आहे: तिथे माजी सैनिकांच्या सेवेत उद्भवलेल्या व्याधींत कर्णनाद सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे आणि त्याला दहा टक्के अपंगत्वाचा वेगळा दर मिळत आला आहे. तोफेजवळच्या माणसाचा शब्द मान्य होतो आणि साच्याजवळच्या माणसाचा होत नाही, याचे कारण वैद्यकात सापडणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण तो आपल्याच माणसांविषयी आहे. कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी तरी हा प्रश्न कुठे लावून धरला? गिरणगावाचे मोठे संप ज्या प्रश्नांभोवती लढले गेले ते मजुरीचे, कपातीचे, दोनाऐवजी तीन-चार साचे चालवायला लावण्याचे, बडतर्फीचे, बोनसचे होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले तेही मजुरीसाठी आणि संघटना निवडण्याच्या हक्कासाठी. यातून कामगारांना कानाची पर्वा नव्हती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्याचे उद्याचे जेवण बदलीच्या पासावर अवलंबून आहे तो पंधरा वर्षांनी येणाऱ्या बहिरेपणासाठी आज काम थांबवीत नाही. शिवाय साच्यांची संख्या वाढवण्याला झालेला विरोध हा आपोआप कानाच्याही बाजूचा होता, कारण अधिक साच्यांवर धावणारा विणकर क्षणभरही बाजूला होऊ शकत नाही. तसे नाव मात्र त्याला कोणी दिले नाही. नाव नसलेल्या दुखण्याची मागणी करता येत नाही, आणि नाव देण्याचे काम डॉक्टरांचे, कारखाना निरीक्षकांचे आणि लिहिणाऱ्यांचे होते. ते त्यांनी केले नाही.

संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पण विणकाम थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकले, आणि गिरण्यांतून भंगारात निघालेल्या कित्येक जुन्या साच्यांनाही तिथे पुन्हा काम मिळाले. तिथल्या शेडमध्ये छप्पर बुटके, भिंती जवळ, पाळी बारा तासांची. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की १९४८चा कायदा लागू होत असे. म्हणून एकाच मालकाचे माग लहान लहान नावांत वाटून ठेवण्याची रीत पडली आणि आवाजाचे नियम, वार्षिक श्रवणचाचणी, कानबोळे या साऱ्याला दाराबाहेरच थांबवता आले. गिरणीचा विणकर निदान विम्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत होता. यंत्रमागावरचा कामगार, ज्यात आता उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला मोठा वर्ग आहे, गावी परतला की त्याच्या कानाची नोंद कुठेच उरत नाही.

हे बदलण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. जिथे श्रवणचाचणी होते तिथे ती तीन, चार आणि सहा हजार हर्ट्‌झवरही घ्यावी आणि भरपाई ठरवताना त्या पट्ट्या सरासरीत धराव्यात. चाचणी पाळीनंतर लगेच न घेता कामगार गोंगाटापासून पुरेसा वेळ दूर राहिल्यावर घ्यावी. आणि तपासणीच्या कागदावर एक रकाना वाढवावा, घरी गेल्यावर कान वाजतो का, किती वेळ, झोप लागते का. पहिल्या वर्षी हो म्हणणारा कामगार हा इशारा आहे, कारण त्याची खाच अजून रुंद झालेली नसते आणि त्याला बाजूला काढणे, कानबोळे देणे, माग बदलणे शक्य असते. इचलकरंजीच्या एखाद्या शेडमध्ये आज विशीत कामाला लागलेल्या मुलाला हा प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर त्याच्या पन्नाशीच्या आलेखाच्या तीस वर्षे आधी मिळेल.